साठ नकाशे, एक लेआउट: क्यूजीआयएसमध्ये स्क्रिप्टने नकाशे कसे काढायचे

एका नकाशाचा लेआउट हाताने लावायला साधारण अर्धा तास लागतो. शीर्षक, लेजेंड (चिन्हांची सूची), स्केलबार, उत्तरेचा बाण, कोपऱ्यातला छोटा स्थाननिर्देशक नकाशा हे सगळं जागच्या जागी बसवताना तो वेळ कसा जातो ते कळतही नाही. पण साठ पाणलोटांचे साठ नकाशे हवे असले की तेच काम साठ वेळा करावं लागतं. आणि ते संपतं तेव्हा नकाशे बघणारी व्यक्ती म्हणते, "नदीचा निळा जरा फिका हवा होता." मग पुन्हा साठ वेळा.

स्क्रिप्टचा खरा उपयोग या दुसऱ्या वेळी होतो. पहिल्यांदा स्क्रिप्ट लिहायला हाताने करण्याइतकाच वेळ जाईल, कदाचित जास्तच. पण दुरुस्ती आल्यावर रंग एकदा बदलायचा, स्क्रिप्ट चालवायची आणि साठही पीडीएफ नव्याने तयार. म्हणून सुरुवातीपासून हीच गोष्ट डोळ्यांसमोर ठेवा: सगळं पुन्हा करायची वेळ आली तर काहीही हाताने हलवावं लागता कामा नये.

इथे मी क्यूजीआयएस हे नकाशे काढायचं सॉफ्टवेअर धरून लिहितो आहे, कारण ते मोफत आहे आणि पायथन त्यात आतच बसवलेलं येतं. आर्कजीआयएस प्रो हे दुसरं सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांसाठी शेवटाकडे थोडं वेगळं लिहिलं आहे. फंक्शनची नावं मी उच्चाराप्रमाणे देवनागरीत देतो. कन्सोलमध्ये, म्हणजे क्यूजीआयएसमधल्या पायथनच्या खिडकीत, ती रोमन अक्षरांत टाइप करायची: सगळे शब्द जोडून, पहिला शब्द लहान अक्षराने आणि पुढचा प्रत्येक शब्द कॅपिटल अक्षराने सुरू करून. क्लासच्या नावांची सुरुवात मात्र कॅपिटल क्यूने होते. पहिली काही अक्षरं टाइप केली की कन्सोल उरलेलं नाव सुचवतो, त्यामुळे स्पेलिंग पाठ करायची गरज नाही.

आधी ॲटलस वापरून बघा

स्क्रिप्ट शिकायला आलेल्या बऱ्याच जणांचं काम ॲटलसवरच, म्हणजे लेआउटमधल्या आपोआप नकाशे काढणाऱ्या सोयीवरच, भागतं. एका लेयरमधल्या (माहितीच्या एका थरातल्या) प्रत्येक फीचरचा (इथे पाणलोटाचा) एक नकाशा, एवढंच हवं असेल तर एक ओळही कोड लिहू नका.

लेआउट उघडा, ॲटलस सेटिंग्जमध्ये जाऊन ॲटलस चालू करा आणि कव्हरेज लेयर म्हणून पाणलोटांचा लेयर निवडा. मग नकाशाच्या चौकटीवर क्लिक करून आयटम प्रॉपर्टीजमध्ये 'कंट्रोल्ड बाय ॲटलस' वर खूण करा. इथे तीन पर्याय मिळतात. पहिल्यात फीचरभोवती ठरावीक टक्के मोकळी जागा राहते. दुसऱ्यात तुम्ही दिलेल्या प्रमाणांच्या यादीतलं बसेल ते प्रमाण घेतलं जातं. तिसऱ्यात सगळ्यांना एकच प्रमाण. नवशिके पहिला पर्याय घेतात आणि मग प्रत्येक नकाशाचं प्रमाण १:२३,८७१ असं काहीतरी विचित्र येतं. छापील नकाशासाठी दुसरा पर्याय घ्या. हातात फूटपट्टी घेऊन नकाशा वाचणाऱ्याला १:२५,००० उपयोगाचं असतं, १:२३,८७१ नाही.

शीर्षकाच्या लेबलमध्ये [% आणि %] या खुणांच्या मध्ये एक्सप्रेशन लिहिता येतं. तिथे फील्डचं नाव दुहेरी अवतरणात दिलं की प्रत्येक पानावर त्या पाणलोटाचं नाव आपोआप येतं. फाइलच्या नावासाठीही असंच एक्सप्रेशन देता येतं.

ॲटलस कुठे अपुरं पडतं? प्रत्येक पाणलोटाचे चार वेगवेगळे नकाशे हवे असतील (उतार, माती, जमीनवापर, पाणीसाठे), आकार बघून उभं किंवा आडवं पान निवडायचं असेल, कोणते नकाशे निघाले आणि कोणते अडले याची नोंद हवी असेल, किंवा हे काम दुसऱ्या मोठ्या स्क्रिप्टचा एक टप्पा असेल, तर पायथन हाती घ्या.

एक लेआउट हाताने, पण पक्का

स्क्रिप्टनेच कोरं पान घेऊन त्यावर सगळं रचायचं, असा मोह होतो. करता येतं, पण करू नका. स्केलबार दोन मिलिमीटर डावीकडे सरकवायला कोडमधले आकडे बदलत बसणं म्हणजे डोळे मिटून भिंतीवर खिळा ठोकणं. मांडणी डोळ्यांनी आणि माउसने करायची गोष्ट आहे. स्क्रिप्टने फक्त नकाशागणिक बदलणाऱ्या गोष्टी बदलायच्या.

म्हणून एक लेआउट हाताने पूर्ण करा. मग स्क्रिप्ट ज्या आयटमला हात लावणार आहे, त्या प्रत्येकाला नाव द्या. आयटम निवडला की प्रॉपर्टीजच्या पॅनेलमध्ये खालच्या बाजूला 'आयटम आयडी' असा रकाना दिसतो. तिथे रोमन अक्षरांत, मध्ये जागा न सोडता, मुख्यनकाशा, शीर्षक, लेजेंडमाती अशी नावं लिहा. हे न करता 'मॅप १' वर विसंबलात, तर महिन्याभराने कोणीतरी दुसरी चौकट टाकतं आणि तुमची स्क्रिप्ट भलत्याच नकाशाला हलवू लागते. नावं देऊन झाली की आयटमना कुलूप लावा, म्हणजे चुकून धक्का लागणार नाही.

स्केलबारकडे खास लक्ष द्या. त्याला मुख्यनकाशाशी जोडा आणि 'फिट सेगमेंट विड्थ' हा पर्याय निवडून किमान व कमाल रुंदी मिलिमीटरमध्ये द्या. 'फिक्स्ड' पर्यायात प्रत्येक खंड समजा १ किलोमीटरचा ठेवलात, तर १:५०,००० ला तो २० मिलिमीटर दिसेल आणि १:१०,००० ला १०० मिलिमीटर. अशा तीन-चार खंडांचा पट्टा ए४ पानाबाहेर जाईल.

कन्सोल उघडा, ओळखीच्या पाच ओळी

कंट्रोल, ऑल्ट आणि पी एकत्र दाबले की पायथन कन्सोल उघडतो. त्याच्या पट्टीवरून एडिटर उघडा आणि तिथेच लिहा. फाइल सेव्ह करता येते, ओळी पुन्हा चालवता येतात.

क्रम असा. प्रथम उघडा प्रोजेक्ट हातात घ्यायचा: क्यूजीएसप्रोजेक्टचं 'इन्स्टन्स'. त्याच्याकडून 'लेआउट मॅनेजर' मागायचा. मॅनेजरकडून 'लेआउट बाय नेम' ने आपला लेआउट मिळवायचा. लेआउटकडून 'आयटम बाय आयडी' ने मुख्यनकाशा. आणि प्रोजेक्टकडून 'मॅप लेयर्स बाय नेम' ने पाणलोटांचा लेयर. हे शेवटचं फंक्शन यादी देतं, कारण एकाच नावाचे दोन लेयर असू शकतात. म्हणून त्यापुढे चौकोनी कंसात शून्य लिहून पहिला उचलायचा.

प्रत्येक ओळीनंतर मिळालेली वस्तू प्रिंट करून बघा. 'नन' असं छापून आलं, किंवा लेयरच्या ओळीवर एरर आली, तर नाव चुकलं आहे. ही सवय सुरुवातीला कंटाळवाणी वाटते, पण बहुतेक चुका इथेच सापडतात.

चौकट हलवायची कशी: इथे घाई नको

आता 'गेट फीचर्स' वर फिरणारा लूप, म्हणजे तेच काम प्रत्येक फीचरसाठी करणारा कोड, लिहायचा. प्रत्येक फीचरच्या भूमितीकडून 'बाउंडिंग बॉक्स' घ्यायचा, म्हणजे त्याला बाहेरून चिकटणारा आयत. हा आयत १.१ ने 'स्केल' केला की चहूबाजूंनी थोडी मोकळी जागा मिळते. मग तो नकाशाला द्यायचा.

द्यायला दोन फंक्शनं आहेत आणि सगळे जण आधी चुकीचं उचलतात. 'सेट एक्स्टेंट' दिलेला आयत तंतोतंत दाखवतं, पण त्यासाठी गरज पडली तर नकाशाच्या चौकटीचाच आकार बदलतं. लांबट पाणलोट आला की चौकट बुटकी होते, पुढचा उभा आला की ती लेजेंडवर चढते. तुम्ही मिलिमीटर मोजून केलेली मांडणी तिसऱ्या पानापर्यंत मोडलेली असते. 'झूम टू एक्स्टेंट' चौकटीला हात लावत नाही. दिलेला आयत पूर्ण दिसेल इतकं दूर जातं आणि उरलेल्या जागेत आजूबाजूचा भाग दाखवतं. तयार लेआउटसाठी कायम हेच वापरा.

त्यानंतर प्रमाण गोल करायचं. नकाशाला 'स्केल' विचारा, उत्तर येईल समजा २३,८७१. तुमच्याजवळ प्रमाणांची एक चढती यादी ठेवा आणि त्यातलं या आकड्यापेक्षा मोठं असलेलं पहिलं प्रमाण घेऊन 'सेट स्केल' ला द्या. केंद्र जागेवरच राहतं. इथे यादी कशी निवडता यावर नकाशांचं रूप ठरतं. यादीत २५,००० नंतर थेट ५०,००० ठेवलंत, तर २६,३४० प्रमाण लागणारा पाणलोट एकदम ५०,००० वर जातो आणि पानाच्या मधोमध छोटासा दिसतो. मी १०,०००, १५,०००, २०,०००, २५,०००, ३०,०००, ४०,०००, ५०,००० अशी दाट यादी ठेवतो. आकडे गोल राहतात आणि पानही भरतं.

अंदाज हवा असेल तर हिशोब सोपा आहे. चौकट १८० मिलिमीटर रुंद असेल तर १:२५,००० ला तीत ४.५ किलोमीटर मावतात, १:५०,००० ला ९ किलोमीटर. तुमचा सर्वांत मोठा पाणलोट १४ किलोमीटर रुंद असेल, तर यादी ५०,००० वर थांबवून चालणार नाही, हे स्क्रिप्ट चालवण्याआधीच कळतं.

फीचर बिंदू असतील, विहिरी किंवा निरीक्षण केंद्रं, तर वेगळी काळजी घ्या. बिंदूच्या आयताला रुंदीही नसते आणि उंचीही नसते. शून्याला १.१ ने गुणलं तरी शून्यच. तिथे 'ग्रो' वापरून आयत आधी काही शे मीटरने वाढवा आणि मग ठरावीक प्रमाण द्या.

पांढरं पान आलं तर

पहिल्यांदा स्क्रिप्ट चालवल्यावर नकाशा कोरा येणं अगदी नेहमीचं आहे. घाबरून कोड बदलत बसू नका. आयत आणि प्रमाण प्रिंट करा.

आयताचे आकडे ७४ किंवा १८ असे छोटे असतील आणि नकाशा यूटीएममध्ये, म्हणजे मीटरमध्ये मोजणाऱ्या निर्देशांक पद्धतीत, असेल, तर कारण सापडलं. लेयर अक्षांश-रेखांशात आहे, म्हणजे ईपीएसजी ४३२६ मध्ये, त्याची एककं अंश आहेत. नकाशाची एककं मीटर आहेत आणि तिथे हेच आकडे लाखांत असतात. नकाशाने तुमचे अंश मीटर समजून घेतले आणि तो भलत्याच ठिकाणी, काही सेंटिमीटरच्या तुकड्यावर जाऊन बसला. प्रमाण १:१ च्या आसपास किंवा त्याहूनही कमी दिसलं तर खूण पक्की. क्यूजीआयएसच्या मुख्य खिडकीत लेयर आपोआप रूपांतरित होऊन जागेवर दिसतो, म्हणून ही चूक आधी जाणवत नाही. फीचरची भूमिती मात्र लेयरच्याच सीआरएसमध्ये, म्हणजे निर्देशांक पद्धतीत, हाती येते.

उपाय एका ओळीचा आहे. क्यूजीएसकोऑर्डिनेटट्रान्सफॉर्मला लेयरचा सीआरएस, नकाशाचा सीआरएस आणि प्रोजेक्ट द्या, आणि त्याच्या 'ट्रान्सफॉर्म बाउंडिंग बॉक्स' मधून आयत काढून घ्या. आज दोन्ही सीआरएस सारखे असले तरी ही ओळ ठेवा. उद्या कोणी वेगळा डेटा दिला तरी नकाशा चुकणार नाही.

एकच व्हेरिएबल, बाकी सगळं त्याच्यामागे

चालू पाणलोट ठळक आणि शेजारचे फिके दाखवायचे असतात, शीर्षक बदलायचं असतं. प्रत्येक गोष्ट कोडमधून बदलता येते, पण त्याहून सुटसुटीत रीत आहे. क्यूजीएसएक्सप्रेशनकॉन्टेक्स्टयुटिल्सचं 'सेट प्रोजेक्ट व्हेरिएबल' वापरून लूपच्या प्रत्येक फेरीत चालू पाणलोटाचा क्रमांक एका व्हेरिएबलमध्ये ठेवा. मग लेयरच्या नियमाधारित शैलीत नियम लिहा की क्रमांक या व्हेरिएबलइतका असेल तर जाड रेघ, नाहीतर बारीक राखाडी. शीर्षकाच्या लेबलमध्येही तेच व्हेरिएबल वापरा. शेवटी लेआउटला 'रिफ्रेश' सांगा. रंगरूप बदलायचं झालं तर ते क्यूजीआयएसच्या खिडकीतून बदलता येतं, कोड उघडावा लागत नाही. पायथन न येणारा सहकारीही मग नकाशे सुधारू शकतो, आणि मला ही सोय फार मोलाची वाटते.

चार विषयांच्या नकाशांसाठी मॅप थीम, म्हणजे कोणते लेयर दिसायचे याचा साठवलेला संच, वापरा. लेयर पॅनेलमधल्या डोळ्याच्या चिन्हावरून उतार, माती, जमीनवापर आणि पाणीसाठे अशा चार थीम साठवा. स्क्रिप्टमध्ये नकाशाला 'सेट फॉलो व्हिजिबिलिटी प्रीसेट' ला 'ट्रू' द्यायचं आणि त्याच्याच 'प्रीसेट नेम' वाल्या जोडीदाराला थीमचं नाव. आत दुसरा लूप, चार थीमवर फिरणारा. साठ गुणिले चार, दोनशे चाळीस नकाशे.

लेजेंड मात्र थीमइतक्या सहज ऐकत नाही. मी प्रत्येक थीमसाठी वेगळी लेजेंड हाताने करून ठेवतो, तिचं 'ऑटो अपडेट' बंद करतो, चारही एकाच जागी एकावर एक बसवतो आणि स्क्रिप्टमधून 'सेट व्हिजिबिलिटी' ने हवी तीच दाखवतो. दिसायला अडाणी उपाय, पण लेजेंडमधला प्रत्येक शब्द मी ठरवलेला असतो.

उभ्या-आडव्या पानांचंही असंच. दोन लेआउट करा. बाउंडिंग बॉक्सची रुंदी उंचीपेक्षा जास्त असेल तर आडवा उचला, नाहीतर उभा. एक 'इफ' पुरतो.

एक्सपोर्ट, आणि गुपचूप होणाऱ्या चुका

क्यूजीएसलेआउटएक्स्पोर्टरला लेआउट द्या, पीडीएफच्या सेटिंग्जची वस्तू तयार करा, 'एक्सपोर्ट टू पीडीएफ' ला फाइलचा पत्ता आणि सेटिंग्ज द्या. चित्र हवं असेल तर 'एक्सपोर्ट टू इमेज'. छपाईला ३०० डीपीआय ठेवा. आडव्या ए४ चं चित्र ३५०८ बाय २४८० पिक्सेलचं होतं. पडद्यावर बघायला १५० पुरे. देवनागरी लेबलं असतील तर लेआउटच्या एक्सपोर्ट सेटिंग्जमध्ये अक्षरं पाथ म्हणून पाठवायचा पर्याय ठेवा, म्हणजे जोडाक्षरं दुसऱ्या संगणकावर फुटत नाहीत.

आता सर्वांत महत्त्वाचं. एक्सपोर्ट फसलं तरी स्क्रिप्ट थांबत नाही आणि लाल अक्षरांत काही दिसतही नाही. फंक्शन फक्त एक आकडा परत करतं. ० म्हणजे जमलं. २ म्हणजे मेमरी पुरली नाही. ३ म्हणजे फाइल लिहिता आली नाही: फोल्डर अस्तित्वात नसेल, किंवा तीच पीडीएफ दुसऱ्या खिडकीत उघडी असेल. तो आकडा तपासला नाहीत तर जुनी फाइल तशीच राहते आणि तुम्ही तिलाच नवी समजून पुढे पाठवता. प्रत्येक फेरीत पाणलोटाचा क्रमांक, प्रमाण, फाइलचं नाव आणि हा आकडा एका सीएसव्हीमध्ये (साध्या मजकुराच्या तक्त्यात) लिहीत जा.

फाइलच्या नावाबद्दल एक अनुभव सांगतो. एका कामात ६४ पाणलोट होते आणि फोल्डरमध्ये ६१ पीडीएफ निघाल्या. प्रत्येक एक्सपोर्टचा आकडा ० होता. दोन तास कोड वाचल्यावर ॲट्रिब्यूट टेबल उघडलं, तर तीन नावं दोनदोन वेळा होती. दुसरा नकाशा पहिल्याच्याच नावाने, त्याच्यावरच लिहिला गेला होता. तेव्हापासून मी फाइलच्या नावाची सुरुवात कधीही न दुबार होणाऱ्या क्रमांकाने करतो, तोही तीन अंकी: ००७, ०४२, जेणेकरून फोल्डरमध्ये क्रम नीट लागतो. नावात तिरकी रेघ किंवा अपूर्णविराम (:) असेल तर ते काढून टाका, आणि नावाचा रकाना रिकामा असेल तर काय लिहायचं तेही आधीच ठरवा.

विंडोजवर फाइलचा पत्ता लिहिताना उलटी तिरकी रेघ येते. पायथनमध्ये तिच्यापुढे रोमन एन आला की त्याचा अर्थ नवी ओळ होतो आणि पत्ता मोडतो. एक तर साधी तिरकी रेघ वापरा किंवा अवतरणाआधी आर लिहा.

स्क्रिप्ट चालवण्याआधी प्रोजेक्ट सेव्ह करा आणि नंतर सेव्ह करू नका, कारण शेवटच्या फेरीतलं प्रमाण, थीम आणि व्हेरिएबल लेआउटमध्ये तसंच राहिलेलं असतं.

जुना कोड ओळखा

शोधायला गेलात तर पुष्कळ तयार कोड सापडतो आणि त्यातला बराच आता चालत नाही. क्यूजीआयएस ३.० फेब्रुवारी २०१८ मध्ये आलं तेव्हा 'प्रिंट कंपोजर' जाऊन 'प्रिंट लेआउट' आला आणि क्लासची नावं बदलली. कोडमध्ये कुठेही 'कंपोजर' किंवा 'कंपोझिशन' दिसलं तर तो त्याआधीचा आहे. दुरुस्त करत बसण्यापेक्षा सोडून द्या.

आर्कजीआयएसमध्येही तसंच आहे. आर्कपाय या आर्कजीआयएसच्या पायथन पॅकेजमधलं 'मॅपिंग' हे मॉड्यूल जुन्या आर्कमॅपचं होतं. आर्कजीआयएस प्रोमध्ये त्याच्या जागी 'एमपी' आहे. आर्कमॅप १ मार्च २०२६ ला निवृत्त झालं, त्यामुळे नव्याने शिकणाऱ्याने त्या वाटेला जाऊ नये.

आर्कजीआयएस प्रो वापरत असाल तर

विचार तोच, शब्द वेगळे. ॲटलसऐवजी 'मॅप सिरीज'. प्रोजेक्ट 'आर्कजीआयएसप्रोजेक्ट' ने उघडायचा: प्रोच्या आतून चालवत असाल तर फाइलच्या पत्त्याऐवजी अवतरणात 'करंट', बाहेरून चालवत असाल तर पूर्ण पत्ता. 'लिस्ट लेआउट्स' आणि 'लिस्ट एलिमेंट्स' दोन्ही याद्या देतात, तेव्हा इथेही एलिमेंटना नावं देऊन ठेवा. नकाशाच्या चौकटीला 'कॅमेरा' असतो, त्याला 'सेट एक्स्टेंट' द्यायचं आणि मग त्याचं 'स्केल' गोल करायचं. साठवलेली दृश्यं हवी असतील तर बुकमार्क करून 'झूम टू बुकमार्क' वापरा. बाहेरून चालवलेल्या स्क्रिप्टच्या शेवटी प्रोजेक्टचं व्हेरिएबल 'डेल' ने पुसा, नाहीतर फाइलवरचं कुलूप सुटत नाही.

सगळे चालवण्याआधी तीन

पूर्ण लूप लगेच चालवू नका. क्षेत्रफळाने सर्वांत लहान, सर्वांत मोठा आणि सर्वांत लांबट असे तीन पाणलोट निवडून फक्त त्यांचे नकाशे काढा. मांडणीतले जवळजवळ सगळे दोष या तिघांत दिसतात: लहानात लेबलं एकमेकांवर चढतात, मोठ्यात प्रमाणांची यादी अपुरी पडते, लांबटात पान रिकामं दिसतं. सर्वांत लांब नावाचा पाणलोट चौथा घ्या, शीर्षक चौकटीत मावतं का ते कळेल. एक नकाशा कागदावर छापून त्यावरचा स्केलबार फूटपट्टीने मोजा. १:२५,००० वर १ किलोमीटर ४० मिलिमीटर भरलाच पाहिजे. ३८ भरला तर बहुधा प्रिंटरने 'पानावर बसवा' हा पर्याय लावून नकाशा आकसवला आहे.

हे जमलं की लूप पूर्ण सोडा. तो संपल्यावर सीएसव्हीमधल्या ओळी मोजा, फोल्डरमधल्या फाइली मोजा, दोन्ही आकडे जुळवा आणि मगच नकाशे एकेक करून डोळ्यांखालून घाला. लेआउट टेम्पलेट म्हणून वेगळा सेव्ह करा आणि स्क्रिप्टच्या शेजारी, त्याच फोल्डरमध्ये ठेवा.